चाकं बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरात सून यायच्या आधी चाकं आली. तीही अशीतशी नाही. फोटो मागवून, पारखून, चार माणसांत बोलून, नावं ठेवून, मग पसंत करून आणली.

मुलगा तिशी ओलांडून गेला होता. जमीन आहे, विहीर आहे, गाई आहेत, पोराला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण मुलीकडची माणसं विचारायची, नोकरी कुठं? शेती म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा, जसं काही आम्ही मुलाला मोठा आजार आहे असंच सांगितलं. हे विचारणारेही शेतकरीच असायचे. स्वतःच्या पायाला काळी माती लागलेली असायची आणि जावई मात्र त्यांना पुण्यातल्या फरशीवर चालणारा पाहिजे होता.

माझ्या धाकट्या दिरांनी यावर विचार केला. घरातला सगळा विचार तेच करतात. आमचे हे नुसती मान हलवतात, आणि मला तर कुणी विचारतच नाही. विचारलं असतं तरी मला चार माणसांत बोलता येत नाही, घसा कोरडा पडतो.

"पोराला वजन पाहिजे," भाऊजी म्हणाले. "गाडी घेऊ. गाडी अशी पाहिजे, की पोरीच्या बापानं आधी गाडीकडं बघावं. मग पोराकडं बघायची गरजच पडू नये."

माझं पोरगं काही एवढं वाईट दिसत नाही. पण ते स्वतःच इतकं खूश झालं, की मी गप्प राहिले.

पुण्याहून एकाची वापरलेली गाडी आणली. पांढरी, लांबलचक, आधीच जमिनीला लागून चालणारी. मागं 'स्पोर्ट' असं लिहिलं होतं. मी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. खोबरं वाटून व्हायच्या आतच भाऊजी गाडीभोवती फिरून आले आणि मान तिरकी करून म्हणाले, "चाकं बारकी दिसत्यात. पैलवानाच्या पायात लेकराची चप्पल घातल्यावानी."

तिथून सुरू झालं. पुढं दोन महिने आमच्या पडवीत रोज संध्याकाळी चाकं बघण्याचा कार्यक्रम चालला. भाऊजी, आमचे हे आणि मुलगा, तिघं एका मोबाईलवर डोकी घालून बसायचे. मी चहा आणायची. कानावर पडायचं ते असं:

"ही बघ. ही नाकीडोळी बरी हाय."

"लई भरीव हाय, काका. सुटसुटीत पाहिजे."

"ही?"

"ही रोड दिसती."

"हिचा रंग?"

"सिल्व्हर नको. स्टीलच्या ताटावानी दिसतंय. काळीच पाहिजे."

मी कप ठेवत होते. ज्या माणसांनी गेल्या चार वर्षांत दोन चांगल्या मुली रंग सावळा म्हणून नाकारल्या होत्या, त्यांना चाकं मात्र काळीकुळकुळीत पाहिजे होती. माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी कप ठेवले आणि आत आले.

मुलाला तर त्या काळात दुसरं काही सुचत नव्हतं. सोळा इंची की अठरा इंची, यावर त्याचा आणि काकाचा अबोला झाला. सोळानं गाडी पळते चांगली, अठरानं दिसते चांगली. आमचे हे पहिल्यांदाच काहीतरी बोलले, "सतरा घ्या." त्यावर दोघांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की ते परत दोन महिने बोलले नाहीत. चाकाला जी भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर जुळलं पाहिजे, नाहीतर चाक बसत नाही. हे त्यांना तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर जी जी पसंत केली, त्यातली निम्मी या गाडीला बसणारीच नव्हती. म्हणजे पत्रिका न बघताच बोलणी सुरू केली होती. मग पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी अठरा इंची काळी चाकं आली. त्यांच्यावर टायर असा पातळ, की रबराची कडा भाकरीच्या काठाएवढीच दिसावी. मोठं चाक आणि वरची पोकळी डोळ्यांत खुपते म्हणून नगरच्या गॅरेजात नेऊन स्प्रिंगा कापून घेतल्या. गाडी आणखी चार बोटं खाली बसली. हवा घ्यायची जाळी बदलली. मग कुणीतरी सांगितलं, इंजिनाला लॅपटॉप लावून त्याची ताकद वाढवतात. तेही केलं.

"स्टेज वन झाली," मुलगा मला आनंदानं म्हणाला.

स्टेज हा शब्द मी आजवर फक्त दवाखान्यात ऐकला होता. मी घाबरून विचारलं, "आणि पुढं?"

"पुढं स्टेज टू हाय की!"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता ही गाडी पुण्याला दीड तासात जाती."

पुण्याला आमचं कुणीच नाही. पण मी म्हटलं, बरं.

सगळं करून गाडी मिरजगावच्या रस्त्यानं परत आली आणि घरी मात्र येऊ शकली नाही. आमचं घर गावात नाही, मळ्यात वस्तीवर आहे. डांबरी सोडून मातीच्या रस्त्यानं आत यावं लागतं. मधे पाटाच्या पाण्याची चारी, म्हणजे छोटा कालवा, आडवी येते. तिच्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून, वर मुरूम ओतून उंचवटा केलेला आहे. आमचे सगळे बैल, ट्रॅक्टर, पिकअप, लग्नाची वऱ्हाडं त्याच्यावरून गेली. गाडी मात्र पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं आणि पोट नळीवर टेकवून बसली. दोन महिने चाकाचा एकेक आरा मोजणाऱ्यांपैकी कुणालाही घरी यायचा रस्ता आठवला नव्हता.

तेव्हापासून गाडी डांबरीवर दूध संकलन केंद्राच्या शेडशेजारी ताडपत्री घालून उभी राहू लागली. गाडीनं कुठं जायचं असेल तर घरातली माणसं आधी ट्रॅक्टरनं गाडीपर्यंत जायची. इस्त्रीचे कपडे घालून, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, धूळ खात. तिथं ताडपत्री काढायची, अंग झटकायचं आणि मग रुबाबात गाडीत बसायचं. दूध घालायला आलेल्या बायका बघत उभ्या राहायच्या. एक मला म्हणालीच, "तुमची गाडी निराळी राहती व्हय?"

तशात राहात्याकडचं एक स्थळ आलं. मुलगी पतसंस्थेत कामाला, घरची माणसं साधी. आमची तिघं बघायला गेली. मी गेले नाही. त्या गाडीच्या मागच्या सीटवर शिरायला गुडघे छातीला लावावे लागतात आणि बाहेर यायला दोघांनी ओढावं लागतं. रात्री तिघं परतले ते गाडीबद्दलच बोलत होते. मुलीचा बाप म्हणे गाडीभोवती तीनदा फिरला.

"आणि मुलगी?" मी विचारलं.

"मुलगी चांगली हाय," भाऊजी म्हणाले. "आपल्या वाघानं चहा संपायच्या आत हो म्हणून सांगितलं."

मुलगा लाजून हसला. मला बरं वाटलं. त्याचा चेहरा मी असा पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. आणि तेवढीच भीतीही वाटली. आधी चार ठिकाणी नकार आला होता. दर नकारानंतर पोरगं आठ-आठ दिवस धड जेवत नसे. शेवटच्या वेळी ते मला म्हणालं होतं, "आता बास, आई. आता बघू नगा." हे एवढं जमावं, बाकी मला काही नको होतं.

आता ते घर बघायला येणार होते. आमच्याकडं मुलगी पसंत पडली की तिची माणसं येऊन घरदार, विहीर, गोठा बघून जातात. यावेळी मुलगीही येणार होती. भाऊजींना ते काही पटलं नाही, पण हल्ली नाही म्हणायची सोय राहिलेली नाही. त्यांनी मला बजावलं, "वहिनी, तुमी कायपण बोलू नगा. नुसतं हसायचं." मला त्याची सवयच होती.

पाहुणे त्यांच्या जीपनं मिरजगावपर्यंत आले. तिथून सरळ आले असते तर अर्ध्या तासात चहा प्यायला बसले असते. पण भाऊजींचा हट्ट, की त्यांनी आपल्याच गाडीत बसलं पाहिजे. म्हणून त्यांची जीप तिथंच ठेवायला लावली. गाडी चालवायला भाऊजी, शेजारी मुलीचा बाप, मागं मुलगी, तिची आत्या आणि माझा मुलगा. वाटेत काय झालं ते मला आत्याबाईंनी नंतर चुलीपुढं बसून सांगितलं. सांगताना त्या पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून.

पाच माणसांच्या वजनानं गाडी आणखी बसली. पहिल्या गतिरोधकाला खालून असा आवाज आला, की आत्याबाईंना वाटलं, खाली कुणी सापडलं. भाऊजी म्हणाले, "पाहुणे, जरा पाय मोकळे करा." सगळे उतरले. भाऊजींनी गाडी तिरकी करून, एकेक चाक उचलून ठेवल्यासारखी पुढं नेली. सगळे परत बसले. पुढं शाळेपाशी गतिरोधक. पुन्हा पाय मोकळे. मग देवळापाशी. आत्याबाई म्हणाल्या, "अहो, आम्ही राहात्याहून एवढं आलो, त्यात कुठं चाललो नाही. तुमच्या गाडीत बसल्यावर मात्र निम्मी वाट चाललो."

"मग तुमच्या भावाला राग आला असंल," मी भीत भीत म्हटलं.

"त्याला? तो तर खाली वाकून चाकंच बघत होता. मला म्हणतो, आक्के, टायर बघ कसा पातळ आहे!"

खरं तर गाडी डांबरीवर ठेवून पाहुण्यांना ट्रॅक्टरनं आणायचं ठरलं होतं. पण भाऊजींनी मनात वेगळंच धरलं होतं, की पाहुण्यांसमोर गाडी दारात लागली पाहिजे. त्यांनी आदल्या दिवशी चारीवर दोन पाट्या मुरूम टाकून घेतला होता. मी अंगणातून बघत होते. सगळ्यांना उतरवून गाडी चढली, आणि नव्या मुरुमात काळं चाक नुसतं गरगर फिरलं. मग गाडी अलगद बसली. पोट नळीवर, तोंड आमच्या घराकडं. पुण्याला दीड तासात जाणारी.

भाऊजी आणि मुलीचा बाप तिथंच बोलत उभे राहिले.

"पावर लई हाय हिला. म्हणून चाक फिरतंय."

"हो ना. पावर जास्त असली की असंच होतं."

घरून पुढं गेलेले आमचे हे मान हलवत होते.

मुलगा चालत घरी आला. कानापर्यंत लाल झाला होता. माझ्याकडं बघितलं नाही. नवा पांढरा शर्ट कोपरापर्यंत गुंडाळला, ट्रॅक्टर काढला आणि साखळी घेऊन गेला. मला त्याच्याकडं बघवेना. मला वाटलं, संपलं. हेही स्थळ गेलं. गाडीखाली आडवा होऊन त्यानं साखळी लावली, उठला तेव्हा पाठ सगळी मुरुमानं भरलेली. ट्रॅक्टरवर चढला. मुलगी बांधावर उभी होती. तिला तो म्हणाला, आणि वाऱ्यानं मला इकडं ऐकू आलं, "आता ह्याच्यावर बसल्यावर मी मला बरा वाटतो. खाली गाडीत बसलेला तो कोण हुता, मला ठावं न्हाई."

मुलगी हसली. मोठ्यानं हसली, हात तोंडावर न ठेवता.

ट्रॅक्टरनं गाडी अंगणात ओढून आणली. बाहेर पुरुषांचं ती धुणं आणि खालून कुठं कुठं खरचटलं ते बघणं चालू झालं. विहीर, गोठा बघायचं राहूनच गेलं. मुलगी आणि आत्या स्वयंपाकघरात आल्या. मी पुरणाच्या पोळ्या लाटत होते. मुलगी पाटावर बसली आणि तिनं सरळ मलाच विचारलं, "मावशी, ही चाकं कुणी पसंत केली?"

मला बोलू नका म्हणून सांगितलेलं. नुसतं हसले. ती थांबली होती, उत्तर पाहिजे होतं तिला. भाऊजींचं नाव सांगावं असं मनात आलं. निम्मं खरंही होतं. पण ती डोळ्यांत बघत होती, आणि पुढंमागं या घरात आली तर तिला कळणारच.

"त्यानंच," मी म्हटलं. "तो आन त्याचा काका."

"किती दिवस लागले?"

"दोन महिने."

"आणि मला बघून हो म्हणायला?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. खोटं बोलायला सुद्धा बोलता यावं लागतं. मी खाली मान घालून सांगून टाकलं, "चहा संपायच्या आत म्हनला, असं सांगत हुते."

तव्यावरची पोळी करपली. मला वाटलं, माझ्याच तोंडानं मी पोराचं वाटोळं केलं. इतकी वर्षं गप्प राहिले आणि तोंड उघडलं तेही आज.

मग ती म्हणाली, "ठीक आहे. मग मीपण दोन महिने घेते. चाकांना मिळाले, तेवढे तरी मला मिळायला पाहिजेत."

बाहेर जाऊन तिनं बापाला तेच सांगितलं. चाकांचं सोडून. बापानं गाडीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "अगं, एवढी चांगली माणसं आहेत." ती म्हणाली, "म्हणूनच घाई नको."

पाहुणे ट्रॅक्टरनं डांबरीवर गेले, तिथून पिकअपनं मिरजगावला, आणि गाडी साखळीनं ओढून परत ताडपत्रीखाली. भाऊजी पडवीत बसून विचार करू लागले. रात्रीपर्यंत त्यांना कारण सापडलं.

"गाडीत कायतरी कमी पडलं."

आणि म्हणून त्या दोन महिन्यांत गाडीला मागं पंख लागला. सायलेन्सर बदलला, तो असा की दूध केंद्राजवळच्या गोठ्यांतल्या गाई आवाजानं पान्हा चोरू लागल्या. काचांना काळी फिल्म लावली आणि पुढच्याच आठवड्यात पोलिसांनी ती काढायला लावली. मुलगा मात्र या वेळी काकाबरोबर गॅरेजला गेला नाही. मुलीनं त्याचा नंबर घेतला होता. संध्याकाळी धारा काढून झाल्या की तिचा फोन यायचा आणि तो गोठ्यातच फेऱ्या मारत बोलत बसायचा. काय बोलायचे मला ठाऊक नाही. एकदा फोन कानाला तसाच लावून तो माझ्याकडं आला.

"आई, तुला खायला काय आवडतं?"

"का रं?"

"ती विचारती. मला सांगता येईना."

चाकाच्या भोकांतलं अंतर त्याला अजून पाठ होतं. मी त्याला हसणार होते, पण हसू आलं नाही, कारण मलाही लवकर आठवेना. इतक्या वर्षांत जे उरेल तेच खाल्लं होतं. शेवटी म्हटलं, "मेथीची गोळा भाजी सांग." दुसऱ्या दिवशी तो बाजारातून मेथी घेऊन आला. स्वतः निवडत बसला. भाऊजींनी बघितलं आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "पोरगं हातचं चाललं."

दोन महिने झाले आणि फोन आला तो माझ्या मोबाईलवर.

"मावशी, मी पसंत केलं तुमच्या मुलाला."

मी घाईघाईनं नुसतंच "हो, हो" म्हटलं. ती हसली. मग म्हणाली, "पण एक आहे. मी नोकरी सोडणार नाही. मिरजगावच्या शाखेत बदली मिळतेय. रोज गाडी चालवत मीच जाणार. तेव्हा गाडी वर उचलून घ्या. दारातून निघाली पाहिजे आणि दारात आली पाहिजे. तुम्ही सांगाल का घरी?"

"मी?"

"हो. तुम्हीच सांगा."

तिघं पडवीत बसले होते. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि सांगितलं. होकार आलाय म्हटल्यावर आमच्या ह्यांनी हात जोडले, मुलगा उठून गोठ्याकडं गेला, त्याला डोळे पुसायचे होते. भाऊजी मात्र पुढच्या वाक्यावर अडले.

"गाडी वर? वहिनी, आवो गाडी वर घेतली की तिची सगळी शान गेली! जीपड्यावानी दिसंल ती. तिला म्हनावं, दुसरी घेऊ स्कूटी."

माझा घसा कोरडा पडला होता. तरी बोलले.

"मग शान ठिवा, भाऊजी. सून नगं."

आमचे हे एकदम हसले. भाऊजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं दाराची चौकटच बोलली. दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन नगरला गेला, चांगल्या उंच स्प्रिंगा टाकून आला आणि चारीवरून सरळ अंगणात येऊन थांबला. चाकं तीच राहिली, काळी.

लग्न होऊन वर्ष होत आलं. सून रोज सकाळी गाडी काढते. भाऊजी अजून गावात सांगत फिरतात, की आमच्याकडं लग्न जमलं ते चाकांनी. मुलीच्या बापानं चाकं बघितली आणि तिथंच गार झाला. लोक ऐकतात, मोबाईल काढून चाकांचे फोटो घेतात. मी काही बोलत नाही. भाऊजींचंही एक पोरगं आता लग्नाला आलंय, आणि त्याच्यासाठी आमच्या पडवीत संध्याकाळी एकोणीस इंची बघायला सुरुवात झाली आहे.